आईच्या वाट्याची अर्धी प्रार्थना

१ ऑक्टोबर, बुधवार

आळीतली फ्लॉसी सकाळीच यादी घेऊन आली. ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा महिना. मारियामातेची मूर्ती रोज एका घरी जाणार, संध्याकाळी आळीतले सगळे तिथे जमणार आणि त्या घरातलं थोरलं माणूस रोझरी म्हणणार. आमचा दिवस अठरा तारखेचा. "मार्था, तूच म्हणशील ना?" हे फ्लॉसीने विचारलं नाही, सांगितलं. माझं नाव यादीत आधीच लिहिलेलं होतं. मी "बघू" म्हटलं. आमच्या आळीत "बघू" म्हणजे "हो" असंच धरतात.

ही वही मला शाळेतून निवृत्त होताना मिळाली. चार वर्षं कोरी होती. आज काढली, कारण मला हे कुणाला तरी सांगायचंय, आणि सांगण्यासारखं माणूस घरात एकच होतं, आई. ती आता आतल्या खोलीत पलंगावर पडून आढ्याकडे बघत असते. दोन वर्षं एकेक गोष्ट विसरत गेली. आधी गॅस, मग वाट, मग मी. सप्टेंबरच्या मध्यापासून तर बोलणंच बंद आहे.

तर लिहून टाकते. देव आहे की नाही, मला माहीत नाही. कुणी अकाली गेलं, नवस वाया गेला, फादरांशी वाजलं, असं काही सांगता आलं असतं तर लोकांनी समजून तरी घेतलं असतं. तसं काहीच घडलं नाही. साबणाची वडी झिजते तसं झालं. एका रविवारी चर्चमध्ये मिस्साला उभी होते, श्रद्धा बोलून दाखवायची वेळ आली, आणि लक्षात आलं की मी नुसते ओठ हलवतेय. शेजारच्या बाईला कळलं नाही. मला कळलं.

नास्तिक म्हणवून घ्यायचं तर त्यालाही खात्री लागते. आमच्या शाळेत गणिताचे सदानंद सर नास्तिक होते आणि फादरांपेक्षा जास्त वेळ देवाबद्दल बोलायचे. मला त्यांच्यासारखं ठासून "नाही" म्हणता येत नाही आणि आईसारखं "आहे" म्हणता येत नाही. विज्ञानाच्या तासाला "मला माहीत नाही" असं प्रामाणिकपणे म्हणणाऱ्या पोराला मी शाबासकी द्यायचे. घरात या उत्तराला शून्य मार्क.

३ ऑक्टोबर

आईला हे मी सांगितलं होतं. चार वर्षांपूर्वी, जानेवारीत, दोघी ओट्यावर वाल सोलत बसलो होतो. दर रविवारी डोकं दुखण्याचं नाटक करायचा मला कंटाळा आला होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी शोभतं का ते?

टोपलीत अर्धे वाल राहिले होते ते तिने सगळे सोलले. मग म्हणाली, "मग मी मरायला लागली का तू प्रार्थना म्हनू नको. तोंडदेखलं नको माझ्याजवळ. तीस वर्षं तागडी धरली, कोनाला खोटं माप दिलं नाय. मला पन नको. स्टॅनीला बोलव." आणि वर, "हात धू. चा करते."

मी शब्द दिला, की मी म्हणणार नाही, भावाला बोलवेन. त्यानंतर तिने मला रविवारी कधी उठवलं नाही. एकटीच मिस्साला जायची. जाताना माझी न्याहारी ताटलीखाली झाकून ठेवायची, अंडं असेल तर त्यावर वेगळी वाटी. मनात एवढा राग धरून माणूस इतकं नीट झाकून कसं ठेवतं ते मला कळायचं नाही. पण विषय तिने पुन्हा काढला नाही, म्हणजे मला माफ केलं नसणार.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज जे झालं ते आधी लिहिते, मग जेवते.

आईचं करायला स्वप्ना येते, मनवेलपाड्याहून, आठ ते सहा. पोरगी चांगली आहे, फक्त प्रश्न फार. आईला पेज भरवताना तिने विचारलं, "टीचर, ते रोझरी म्हणजे तुम्ही नेमकं काय करता? आमच्यासारखा जप?"

"जपच. पण दोन बाजू लागतात. एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी उरलेली अर्धी. मग पुढचा मणी."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे असं," म्हणून मी वर्गात शिकवावं तशी पहिली अर्धी म्हणून दाखवली. नमो मरियेपासून येशूच्या नावापर्यंत.

आणि पलंगावरून आई बोलली. हे पवित्र मरिये. तिथून आमेनपर्यंत, एक शब्द न अडखळता. एकोणीस दिवसांनी. स्वप्नाच्या हातातला चमचा पेजेत बुडाला.

आवाज तोच. लहानपणी पप्पा ओट्यावर खुर्ची टाकून पहिली अर्धी म्हणायचे आणि आई चुलीपाशी मासे तळता तळता उत्तर द्यायची. तेल तडतडलं की आवाज थोडा चढवायची. पहिली अर्धी तिने जन्मात म्हटली नाही. ती आधी पप्पांची, मग स्टॅनीची, तो दोहाला गेल्यावर माझी. मी सोडल्यावर फ्लॉसी यायची. आई कायम उत्तराच्या बाजूला.

मी लगेच विचारलं, "आई, मी कोण?" ती आढ्याकडे बघत राहिली.

७ ऑक्टोबर

काल रात्री मला वाटत होतं की योगायोग असेल. आज पुन्हा करून बघितलं. चार वेळा म्हटलं, चारही वेळा उत्तर आलं. दुसरं काहीही बोला, भिंत. पाढे म्हटले, पप्पांचं नाव घेतलं, तिच्या माहेरच्या चांदीपच्या गोष्टी काढल्या. भिंत.

मी शब्द मोडतेय का? ती "मरायला लागली का" असं म्हणाली होती. मरायला माणूस कधी लागतं? डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणतात, वय झालंय. हे मला डॉक्टरकी न शिकता माहीत होतं.

९ ऑक्टोबर

प्रामाणिक तोडगा काढला होता. फसला.

ज्याची श्रद्धा आहे त्याच्या तोंडून म्हणवून घ्यायचं. स्टॅनीला फोन केला, म्हटलं, पहिली अर्धी रेकॉर्ड करून पाठव, मध्ये उत्तराला जागा सोड. पठ्ठ्याने गाडीत बसून केली. तिसऱ्या मण्याला कुणीतरी हॉर्न मारलाय आणि हा त्याला शिवी देऊन पुढे "कृपापूर्णे" म्हणतो. स्वप्ना हसून बेजार. आई गप्प.

संध्याकाळी फ्लॉसीला बसवलं. ती गळ्यात भाव आणून म्हणते, मिस्साच्या वाचनाची सवय. आईने तोंड घट्ट मिटून घेतलं, औषधाच्या वेळी मिटते तसं. फ्लॉसी दुखावली. "तिला तुझाच आवाज हवाय, मार्था. लेकीची श्रद्धा ती ओळखते."

मी चहा ठेवायला आत गेले.

१२ ऑक्टोबर, रविवार

मी म्हणते. रोज संध्याकाळी साडेसातला, पाचही फेरे, पन्नास मणी. लिहायलाच हवं म्हणून लिहिते, मी ते देवासाठी म्हणत नाही. आईचा आवाज ऐकायला म्हणते. दाराची कडी वाजवावी तशी पहिली अर्धी वाजवते आणि ती आतून ओ देते. दार काही उघडत नाही.

यालाच ती खोटं माप म्हणाली असती. आठवणीतली आई मला नको म्हणते आणि पलंगावरची आई त्याशिवाय बोलत नाही. दोघींपैकी कुणाचं ऐकू? विचारायला तिसरी कुणी असती तर तीही आईच असती.

१४ ऑक्टोबर

एक शोध लागलाय. शास्त्रज्ञाला लाजवेल असा.

आज म्हणता म्हणता अडले. "धन्य तू" म्हणवेना. पण चाल सोडली नाही. त्याच लयीत, त्याच लांबीचं, तोंडात आलं ते म्हटलं: "आई, आज बाजारात वांगी चांगली होती, पण कोळणीने बोंबील शिळे दिले, आणि स्वप्नाच्या मुलाला ताप आलाय." आणि थांबले.

आईने उत्तर दिलं. हे पवित्र मरिये, पूर्ण.

मी पुढे सांगितलं. मागच्या दारची पपई पडली. स्टॅनीची मुलगी ॲनिशा गाडी शिकतेय. माझा गुडघा पुन्हा सुजलाय. प्रत्येक बातमीला ती उत्तर देत होती. पन्नास मणी मी तिला घरातलं सगळं सांगितलं. चार वर्षांत आम्ही इतकं बोललो नव्हतो. बातम्या संपल्यावर मी तिला विचारलं, "आई, तू माझ्यावर रागावली होतीस का, त्या वालाच्या दिवशी?" तिने देवाच्या मातेला आम्हा पाप्यांसाठी विनंती करायला सांगितलं.

आता यातून काय समजायचं?

१८ ऑक्टोबर, शनिवार

मूर्ती आली. घर पुसलं, क्रूसावर नवी माळ घातली, चणे उकडले. पंचवीस एक माणसं ओट्यापर्यंत. आईला स्वप्नाने निळं पातळ नेसवून, मागे उशा लावून बसवलं होतं.

मी फ्लॉसीला म्हटलं, घसा बसलाय, तू म्हण. तिने म्हटली. सगळं घर उत्तर देत होतं आणि आई एकटी गप्प. पहिला फेरा संपला तसं फ्लॉसीने रोझरीची माळ माझ्या हातात कोंबली. "बसला तर बसला घसा. बाईचं घर आहे, तिला बोलू दे."

पंचवीस माणसांसमोर कोळणीच्या बोंबलांची बातमी सांगता येत नाही. मी खरी पहिली अर्धी म्हटली आणि आईचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. बायका डोळे पुसायला लागल्या. निघताना एकीने माझा हात धरून कपाळाला लावला. "टीचर, तुमच्यासारखी श्रद्धा आम्हाला मिळो."

मला ओरडून सांगावंसं वाटलं. मी तिला चणे दिले.

२२ ऑक्टोबर

दिवाळीमुळे स्वप्ना दोन दिवस नव्हती. एकटीने आईची कूस बदलताना माझी पाठ गेली. ते असो.

आईचं उत्तर तुटायला लागलंय. परवा "मरणाच्या" पाशी थांबली, काल "पाप्यांसाठी"पाशी. आज "देवाचे माते"च्या पुढे गेलीच नाही. समुद्र मागे हटतो तसा एकेक शब्द हटतोय, आणि मी काठावर उभी राहून मोजतेय. मी लय सोडली, सावकाश म्हटलं, मोठ्याने म्हटलं. शेवटी तिचे शब्द मीच पुढे सुचवायला लागले, परीक्षेत पोरांना सुचवायचा मोह व्हायचा तसे. तिने माझ्याकडे बघितलं. ओळखलं नाही, नुसतं बघितलं.

२५ ऑक्टोबर

फक्त "हे". मग तेही नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

गिळणं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, हॉस्पिटलात नेऊन काही मिळणार नाही, घरीच राहू दे. स्टॅनीला एकतीसच्या सकाळचं तिकीट मिळालंय. आता मात्र ती मरायला लागली आहे. यात शंका घ्यायला जागा नाही.

दुपारी फादर एरॉल आजाऱ्याला लावतात ते पवित्र तेल लावायला आले. माझाच विद्यार्थी, नववी ब, प्रयोगवहीत नेहमी उशीर. त्यांचं होईपर्यंत मी भिंतीशी उभी होते. मग ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. वाल, तागडी, शब्द, अठरा तारखेची फसवणूक. म्हटलं, "माहीत नसणं हे पाप आहे का, तेवढं सांगा."

त्यांनी विचारलं, "टीचर, 'प्रार्थना म्हणू नको' म्हणाल्या तेव्हा त्या चिडल्या होत्या?"

"आवाज चढवला नाही. पण आईचा राग तसाच."

"आणि मग काय केलं त्यांनी?"

"चहा केला."

"तुम्हाला दिला?"

"दिला. आलं घालून."

ते जरासे हसले. "मग झालं तर."

मी म्हटलं, "चहाचा इथे काय संबंध?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नंदाखालला अंत्यविधी होता म्हणून ते गेले. पाप की नाही ते सांगितलंच नाही. प्रयोगवहीसारखंच, निष्कर्ष कोरा.

२९ ऑक्टोबर

दोन दिवस साडेसातला मी तिच्याजवळ बसते आणि काही म्हणत नाही. शब्द दिलेला आहे. माळ तिच्या हातात ठेवलीय. फ्लॉसी येऊन म्हणून जाते. तिची श्रद्धा आहे, तिचं माप खरं. मी पाय चेपते. पाय थंड आहेत.

असं वाटतं की मला काही ना काही पक्कं माहीत असायला हवं होतं. हे किंवा ते. बासष्ट वर्षांत एवढं तरी.

३० ऑक्टोबर, गुरुवार

आत्ताच लिहिते, नाहीतर उद्या स्टॅनीला सांगताना मीच बदलून सांगेन.

चारचा सुमार. स्वप्ना ओल्या फडक्याने आईचे ओठ टिपत होती. बाहेर भंगारवाल्याचा टेम्पो ओरडत गेला. आईने डोळे उघडले. हातातली माळ चाचपली, एक मणी दोन बोटांत धरला आणि म्हणाली, "नमो मरिये."

पहिली अर्धी. येशूच्या नावापर्यंत, कुजबुजत, पण पूर्ण. आणि थांबली.

मला वाटलं बिचारीची बाजू चुकली. डोक्यात काही जागेवर राहिलेलं नाही, उत्तराऐवजी प्रश्नच वर आला. पण ती माझ्याकडे बघत थांबली होती. उत्तर मला येतं, सहा वर्षांची असल्यापासून येतं. आणि त्यात नेमकी मरणाच्या वेळेचीच मागणी आहे. मी तोंड उघडलं आणि आठवलं. तोंडदेखलं नको माझ्याजवळ.

जे खरं आहे असं काही शोधत होते. फार काही सापडलं नाही. म्हटलं, "आई, मी आहे."

तिने अंगठ्याने मणी सरकवला. "नमो मरिये." पुन्हा शेवटपर्यंत. पुन्हा थांबली.

"आई, मी आहे."

मणी सरकला. पुढची अर्धी आणखी छोटी, मग नुसतं नाव, मग नुसते ओठ. दरवेळी ती थांबायची, दरवेळी मी तेवढंच म्हणायचे. मी मोजलं नाही. स्वप्ना म्हणते, नऊ झाले. दहाव्याला बोटं हललीच नाहीत.

स्वप्ना रडत होती, माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. मी घड्याळ बघितलं, चार वाजून वीस मिनिटं. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

फ्लॉसी आली, तिने माळ सोडवून दोन्ही हातांना नीट गुंडाळली. कुठल्या मण्यावर थांबली होती ते त्यात हरवलं.

मला एवढंच दिसतंय की मरणाऱ्या बाईने नऊ वेळा मागितलं आणि मी दोन ओळी दिल्या नाहीत. म्हटल्या असत्या तर काय झालं असतं? तिला कुठे कळणार होतं?

२ नोव्हेंबर, रविवार

आज मृतांचा दिवस. दफनभूमीत सगळीकडे मेणबत्त्या आणि शेवंती. जुन्या कबरी धुऊन पुसून लख्ख, आणि मध्ये आईची नुसती माती, परवाची. वाऱ्याने मेणबत्ती टिकेना. स्टॅनीने हाताचा आडोसा धरला, मी काड्या ओढत राहिले. सहावी लागली.

त्याने विचारलं, "शेवटी प्रार्थना झाली ना?"

"झाली."

"कोण म्हणालं?"

"आई."

तो माझ्याकडे बघायला लागला. "आई? आणि उत्तराला?"

"मी होते," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली, डोळे पुसले. "बरं झालं. मला तीच भीती होती, की उत्तराला कुणी नसेल." त्याला खरं काय ते सांगितलं नाही. तो मंगळवारी परत जाईल, सांगून काय करू?

फ्लॉसी म्हणत होती, आता तू मिस्साला येत जा, आईची जागा रिकामी दिसते. मी "बघू" म्हटलं.

संध्याकाळी स्टॅनी कुणाकडे तरी गेला. पलंगावरची चादर स्वप्नाने कधीच काढून नेलीय, नुसती गादी. साडेसात झाले. मी सवयीने खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "आई, आज वारा फार होता, मेणबत्ती सहाव्या काडीला लागली, आणि स्टॅनीचे केस बरेच पिकलेत."

हे पवित्र मरियेपासून आमेनपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबले. मग पुढचं सांगितलं.